बोरिअल जंगलात नत्र वाढलं की मातीतल्या बुरशीचं आणि जिवाणूंचं काय होतं?

प्रश्न असा आहे: आपल्याकडे पिकाला नत्र दिलं की माती जोमाने कामाला लागते. मग स्वीडन-फिनलंडच्या बोरिअल जंगलात, म्हणजे उत्तरेकडच्या थंड प्रदेशातल्या सूचिपर्णी जंगलात, हवेतून पडणाऱ्या नत्राला प्रदूषण का म्हणायचं? तिथले सूक्ष्मजीव त्याने वाढतात की घटतात, आणि ते मोजायचं कसं? विचारणाऱ्यांचं शिक्षण कृषी सूक्ष्मजीवशास्त्रातलं आहे, त्यामुळे मोजणीचा भाग जरा सविस्तर देतो.

थोडक्यात उत्तर: मात्रा पुरेशी असेल तर सूक्ष्मजीवांचा एकूण जैवभार, म्हणजे त्यांचं एकूण वजन, घटतो. त्यात बुरशी जास्त घटते, जिवाणू कमी. बुरशीच्या कोणत्या जाती टिकतात ते बदलतं, सेंद्रिय पदार्थ कुजण्याचा वेग मंदावतो आणि जमिनीत कर्ब साठत जातो. आपल्या शेताच्या अनुभवाच्या हे बरोबर उलट आहे, आणि त्याचं कारण झाडात आहे.

आधी मात्रेचं बोलू, कारण या विषयातला निम्मा गोंधळ तिथे होतो. उत्तर स्वीडनमध्ये पाऊस, बर्फ, धूळ सगळं धरून वर्षाला हेक्टरी १ ते ३ किलो नत्र पडतं. नैऋत्य स्वीडनमध्ये वाहनांच्या नि कारखान्यांच्या धुरातले नायट्रोजन ऑक्साइड आणि पशुपालनातला अमोनिया वाऱ्याबरोबर येतो, तिथे हाच आकडा १० किलोच्या आसपास किंवा वर जातो. युरियाच्या हिशोबात हेक्टरी २ किलो नत्र म्हणजे एकरी पावणेदोन किलो युरिया. बागायती गव्हाला आपण हेक्टरी १२० किलो नत्राची शिफारस करतो, तेव्हा हे प्रमाण हसण्यावारी नेण्यासारखं वाटेल. पण हे जंगल हजारो वर्षं त्याहून कमी नत्रावर जगलेलं आहे. परिसंस्थेला इजा न होता किती नत्र सोसेल याची जी मर्यादा युरोपात ठरवतात, क्रिटिकल लोड म्हणतात तिला, ती बोरिअल जंगलांसाठी आधी ५ ते १० किलो होती. २०२२ च्या फेरआढाव्यात स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या बोरिअल जंगलासाठी (तैगासाठी) ती ३ ते ५ किलोवर आणली गेली.

आता प्रयोगांच्या मात्रा पाहा. उत्तर स्वीडनमधल्या विंडेल्नजवळच्या स्वार्टबेर्गेट जंगलात १९९६ पासून दरवर्षी हेक्टरी १२.५ आणि ५० किलोच्या मात्रा देत आले आहेत. जवळच्या रोसिनेडालमध्ये २००६ पासून वर्षाला १०० किलो दिले, २०१२ पासून ५०. नोरलिडेनमध्ये १९७१ मध्ये सुरू झालेल्या प्रयोगात सर्वांत वरची मात्रा शंभरच्या घरात होती. ५० किलो म्हणजे एकरी ४५ किलोची जवळजवळ एक पूर्ण गोणी युरिया, दरवर्षी, जंगलाला. त्यामुळे ‘नत्राने सूक्ष्मजीव घटले’ असं वाक्य दिसलं की पहिल्यांदा मात्रा आणि किती वर्षं दिली ते पाहायचं. ५० किलोवरचा निष्कर्ष ३ किलोच्या प्रदूषणाला सरळ लावणं चूक आहे, आणि ही चूक चांगल्या नियतकालिकांच्या प्रस्तावनांतही सर्रास सापडते.

माती कशी आहे तेही डोळ्यांपुढे असू द्या. वर हिरवं मॉस, त्याखाली सुया आणि फांद्यांचा अर्धवट कुजलेला थर, मग काळपट तपकिरी ह्यूमस. हा सगळा सेंद्रिय थर बहुधा ५ ते १० सेंटिमीटरचा. त्याखाली राखेच्या रंगाची धुपलेली वाळू आणि तिच्या खाली गंजाच्या रंगाचा थर, हा पॉडझॉल. ह्यूमसचा सामू ४ च्या आसपास. गांडूळ जवळजवळ नाहीच, त्यामुळे वरचं खाली कालवलं जात नाही, थर थरावर राहतो. ह्यूमसचा तुकडा हाताने फोडला तर आत पिवळेधमक तंतू पसरलेले दिसतात. ती पिलोडर्मा नावाची मायकोरायझा बुरशी, म्हणजे झाडाच्या मुळांशी भागीदारी करणारी बुरशी. नत्र वाढलं की मागे हटणाऱ्यांत तीही आहे, म्हणून जुन्या खत दिलेल्या प्लॉटमधला ह्यूमस फोडला तर हा पिवळेपणा कमी भासतो. हे मोजमाप नव्हे, पण नजर तयार व्हायला उपयोगी आहे.

या मातीत नत्राचा एकूण साठा कमी नसतो. हेक्टरी शेकडो किलो नत्र ह्यूमसमध्ये पडून असतं, पण प्रथिनं, कायटिन आणि त्यांना घट्ट धरून ठेवणारे टॅनिन अशा रूपात. अमोनियम थोडंच सुटतं, नायट्रेट जवळजवळ नाही. पाइन आणि स्प्रूसच्या मुळांची टोकं एक्टोमायकोरायझा बुरशीने वेढलेली असतात. ही बुरशी ह्यूमसमधून नत्र काढते, झाड तिला साखर देतं. झाडं आणि झुडपं अमिनो आम्लंही थेट शोषतात, हे स्वीडिश संशोधकांनी १९९८ मध्ये कर्ब आणि नत्र दोन्ही खूणचिठ्ठी लावलेलं ग्लायसीन वापरून दाखवलं. तेव्हापासून ‘आधी अमोनियम, मगच वनस्पती’ हे पाठ्यपुस्तकी चित्र या जंगलापुरतं मोडीत निघालं.

साखरेचा हा पुरवठा केवढा मोठा आहे ते २००१ साली प्रसिद्ध झालेल्या ओहेडेनच्या प्रयोगातून कळतं. पाइनच्या खोडाभोवतीची साल गोल कापून काढली. पाणी वर जात राहिलं, साखर खाली यायची थांबली. पाच दिवसांत जमिनीतून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड ३७ टक्क्यांपर्यंत घटला, महिना-दोन महिन्यांत निम्म्याहून जास्त. म्हणजे मातीचा जो श्वास आपण पालापाचोळा कुजण्याचा समजतो, त्यातला अर्धा ताज्या साखरेवर चालतो. शेतात सूक्ष्मजीव कर्बावर अडलेले असतात आणि तो कर्ब त्यांना कुजणाऱ्या अवशेषांतून मिळतो. इथे निम्मा समाज झाडाच्या रोजच्या पुरवठ्यावर बसलेला आहे.

आता नत्र बाहेरून आलं. ज्याच्या घरात धान्य भरलंय तो रोज बाजाराला कशाला जाईल? झाड साखर खोड-पानांकडे वळवतं, मुळांकडची कमी करतं. कर्बाच्या जड समस्थानिकाची खूण लावून केलेल्या मोजणीत हेक्टरी १०० किलो नत्रानंतर एका वर्षाच्या आत मातीतल्या सजीवांकडे जाणारी साखर ६० टक्क्यांनी घटली. खूण मुख्यतः बुरशीत सापडली, जिवाणूंत फार थोडी. म्हणून पहिला फटका एक्टोमायकोरायझाला बसतो. नत्र तिला विष म्हणून मारत नाही, तिचं रेशन कमी होतं. हा फरक पक्का लक्षात ठेवा. प्रयोगशाळेत बरणीत माती घेऊन त्यात अमोनियम नायट्रेट टाकलं तर हा परिणाम दिसणारच नाही, कारण बरणीत झाड नसतं.

सगळ्या जाती सारख्या भरडल्या जात नाहीत. लांब दोऱ्या सोडून दूरवरचा ह्यूमस खणणाऱ्या जातींना साखर जास्त लागते, त्या आधी जातात: कॉर्टिनेरियस, पिलोडर्मा, ट्रायकोलोमा. मुळालगत राहून विरघळलेलं नत्र टिपणाऱ्या जाती पुढे येतात: लॅकेरिया, पॅक्सिलस, लॅक्टेरियसच्या काही. अलास्काच्या केनाय द्वीपकल्पात एका अमोनिया खत कारखान्याच्या आसपास पांढऱ्या स्प्रूसच्या जंगलात हे स्पष्ट दिसलं. कारखान्यापासून दूरच्या जागी मुळांवर तिसाहून जास्त जाती, जवळ जेमतेम नऊ. २०१८ मध्ये युरोपभरच्या वनक्षेत्रांची जी मोठी मोजणी प्रसिद्ध झाली तिच्यात एक्टोमायकोरायझाच्या समाजात बदल सुरू होण्याचा उंबरठा वर्षाला हेक्टरी ५.८ किलो नत्र असा आला, झाडांच्या छत्राखाली पोचणाऱ्या पावसात मोजलेला. जुन्या मर्यादा खाली आणण्यामागे अशाच मोजण्या आहेत.

कॉर्टिनेरियस गेल्याने काय बिघडतं? या बुरशीकडे मँगनीज पेरॉक्सिडेज आहे. लिग्निनसारखे चिवट रेणू फोडणारं हे विकर बहुतेक मायकोरायझांनी उत्क्रांतीत गमावलं, यांच्यातल्या कित्येकांनी राखलं. तिला ऊर्जा झाडाकडून मिळते, म्हणून ह्यूमस ती कर्बासाठी फोडत नाही, त्यात अडकलेलं नत्र सोडवायला फोडते. अमोनियम दिलं की हे विकर बनवणाऱ्या जनुकांचं काम मंदावतं, हे थेट जंगलातल्या मातीत तपासलेलं आहे. स्वीडनभरच्या जंगलांच्या तुलनेत ज्या ठिकाणी कॉर्टिनेरियस अक्यूटसच्या गटातल्या जाती होत्या तिथे सेंद्रिय थरातला कर्ब सुमारे एक तृतीयांशाने कमी आढळला. ती हटली की ह्यूमस साठणार, हे त्यावरून ओघानेच येतं.

कुजवणाऱ्या इतर बुरशींवरही नत्राचा परिणाम होतो, पण तो दोन टप्प्यांत. ताज्या सुयांमधला सेल्युलोज सुरुवातीला किंचित जोरात कुजतो, कारण तिथे नत्र खरोखर कमी असतं. पुढे लिग्निनचा टप्पा आला की उलटं होतं, लिग्निन फोडणारी विकरं मंदावतात आणि उरलेला भाग चिवट बनून राहतो. तुमचा पालापाचोळ्याच्या पिशव्यांचा प्रयोग एका वर्षात संपणार असेल तर ‘नत्राने कुजणं वाढतं’ असा निष्कर्ष निघेल. तीन-चार वर्षं चालवलात तर चिन्ह बदलू शकतं. जगभरातल्या प्रयोगांची २००८ ची बेरीज-वजाबाकी सांगते की नत्र दिल्यावर सूक्ष्मजीवांचा जैवभार सरासरी १५ टक्के घटतो, आणि जास्त मात्रा, जास्त वर्षं यांत घट मोठी.

स्वार्टबेर्गेटच्या प्लॉटमध्ये ५० किलोच्या मात्रेला मातीचा श्वास आणि बुरशीचा जैवभार घटला, सेंद्रिय थरात कर्ब वाढला. साधारण हिशोब प्रत्येक किलो नत्रामागे मातीत १० किलो कर्ब. हा आकडा पाहून काहींना नत्र-प्रदूषण हवामानासाठी वरदान वाटायला लागतं. तसं नाही. उत्तरेकडे पडणारं नत्र हेक्टरी दोन-तीन किलो, त्याला दहाने गुणा आणि एका पेट्रोल गाडीच्या वर्षाच्या धुराशी ताडून पाहा, मग त्याचं महत्त्व कळेल.

जिवाणूंकडे वळू. त्यांचा वाटा बुरशीच्या तुलनेत वाढतो, पण त्याचा अर्थ ते भरभराटीला येतात असा काढू नये. बुरशी घटल्याने गुणोत्तर सरकतं. खरा बदल नायट्रिफिकेशनमध्ये, म्हणजे अमोनियमचं नायट्रेट होण्यात. निरोगी बोरिअल ह्यूमसमध्ये कर्ब-नत्र गुणोत्तर ३० ते ४० च्या वर असतं, सुटलेलं अमोनियम लगेच कुणीतरी उचलतं आणि अमोनियाचं ऑक्सिडीकरण करणाऱ्या जिवाणूंना आणि आर्कियांना (जिवाणूंसारख्या सूक्ष्मजीवांचा वेगळा गट) काही उरत नाही. गुणोत्तर २५ च्या खाली आलं की नायट्रेट झिरपण्याचा धोका झपाट्याने वाढतो. नायट्रेट खाली जाताना कॅल्शियम, मॅग्नेशियम सोबत घेऊन जातं आणि आम्लता वाढते. कोरड्या पाइनच्या टेकाडावर हे यायला दशकं लागतात. ओलसर खोलगट जागी, विशेषतः झाडं तोडल्यानंतर, लवकर येतं.

मिथेन खाणाऱ्या जिवाणूंचा उल्लेख बहुतेक जण विसरतात. बोरिअल जंगलाची निचऱ्याची माती हवेतला मिथेन शोषते. हे काम करणारं विकर अमोनियमलाही धरतं, त्यामुळे अमोनियम वाढलं की मिथेनचं शोषण घटू शकतं. मात्रा कमी असेल तर परिणाम पकडणं कठीण जातं.

मॉसचा थर या सगळ्यात पहारेकऱ्याच्या जागी आहे, आणि कमी मात्रेच्या निष्कर्षांना तोच सर्वांत जास्त वळण देतो. प्ल्यूरोझियम नावाच्या मॉसच्या पानांच्या खोबणीत नॉस्टॉक जातीचे सायनोबॅक्टेरिया राहतात. हेक्टरी वर्षाला दीड ते दोन किलो नत्र ते हवेतून स्थिर करतात, हे २००२ मध्ये उत्तर स्कँडिनेव्हियातून प्रसिद्ध झालं. वरून नत्र पडू लागलं की हे काम ते थांबवतात. म्हणजे ३ किलो प्रदूषण आलं आणि दीड किलो स्थिरीकरण बंद पडलं, तर जंगलाच्या खात्यात निव्वळ भर दीडच किलोची. शिवाय पडलेल्या नत्रातला मोठा भाग मॉस स्वतःच धरून ठेवतं. कमी मात्रेला मातीत काही हललं नाही असं दिसलं तर सूक्ष्मजीव सोशीक आहेत असं लगेच मानू नका. नत्र त्यांच्यापर्यंत पोचलंच नसेल.

नत्र थांबवलं की सगळं पूर्ववत होतं का? काही अंशी. नोरलिडेनमध्ये वरची मात्रा १९९० ला बंद केली. पुढच्या दीडेक दशकात मायकोरायझा बुरशी पुन्हा सावरली आणि नत्र धरून ठेवण्याची मातीची क्षमता परतू लागली. पण जैवभार परतणं वेगळं आणि जाती परतणं वेगळं. दुसऱ्या एका जुन्या प्रयोगात खत बंद होऊन ४७ वर्षं झाल्यावरही मॉसच्या जाती आणि उगवणाऱ्या भूछत्रांची यादी शेजारच्या जमिनीशी जुळत नव्हती.

आता प्रत्यक्ष काम. मात्रा देताना हिशोब असा: १००० चौरस मीटरच्या प्लॉटला १२.५ किलो/हेक्टरसाठी १.२५ किलो नत्र, म्हणजे ३५ टक्के नत्राचं शुद्ध अमोनियम नायट्रेट ३.५७ किलो. वनखतात चुनखडी किंवा डोलोमाइट मिसळलेलं असतं, ते वापरलं तर सामूचा परिणाम नत्राच्या नावावर जमा होतो. युरिया वापरला तर विघटनाच्या वेळी दाण्याभोवतीचा सामू काही दिवस चढतो आणि ह्यूमस विरघळतो. वर्षाची मात्रा एकदम फेकण्यापेक्षा पाण्यात विरघळवून पाच-सहा हप्त्यांत द्या. एकदम दिलेल्या क्षाराचा धक्का प्रदूषणासारखा नसतो. प्लॉटच्या कडेचे निदान पाच मीटर नमुन्यातून वगळा, पाइनची मुळं आणि बुरशीचे तंतू आखलेली रेघ पाळत नाहीत.

नमुना घेताना हिरवं मॉस आणि न कुजलेला पाचोळा काढून टाका, ह्यूमस आणि खनिज माती वेगळ्या पिशव्यांत घ्या. वाळूचे दोन सेंटिमीटर ह्यूमसमध्ये मिसळले की प्रति ग्रॅम सगळे आकडे कोसळतात, आणि हा प्रकार खत दिलेल्या प्लॉटमध्ये वेगळ्या प्रमाणात होतो, कारण तिथे थराची जाडी बदललेली असते. म्हणून गाभ्याचा (नळीने काढलेल्या मातीच्या दंडगोल नमुन्याचा) व्यास आणि थराची जाडी प्रत्येक वेळी लिहून ठेवा आणि निकाल प्रति ग्रॅम सेंद्रिय पदार्थ तसेच प्रति चौरस मीटर, दोन्ही द्या. प्रति प्लॉट १० ते १५ गाभे एकत्र करा, ५ मिलिमीटरच्या चाळणीतून काढा, मुळं वेचा. अमोनियम-नायट्रेटसाठी पोटॅशियम क्लोराइडचा अर्क त्याच दिवशी घ्या. डीएनएसाठीचा भाग लगेच गोठवा, श्वासाच्या मोजणीचा भाग अजिबात गोठवू नका.

वेळ ऑगस्टअखेरीची निवडा. झाडाकडून जमिनीखाली जाणारी साखर जूनच्या तुलनेत ऑगस्टमध्ये ५०० टक्क्यांनी जास्त मोजली गेली आहे. जूनमध्ये नमुने घेऊन ‘नत्राचा परिणाम नाही’ म्हणणं म्हणजे दुकान उघडायच्या आधी गल्ला मोजणं. हेही ध्यानात घ्या की माती खणली त्या क्षणी मायकोरायझाची साखर तुटते. आठवडाभर बरणीत ठेवलेल्या मातीत ते तंतू मरतात, त्यांच्यातलं नत्र सुटतं आणि ते खनिजीकरण म्हणून मोजलं जातं. हा फुगवटा नत्र न दिलेल्या प्लॉटमध्ये जास्त येतो, कारण तंतू तिथेच जास्त असतात.

बुरशीचा जैवभार एर्गोस्टेरॉलने (बुरशीच्या पेशीपटलातला पदार्थ) किंवा पेशीपटलातल्या फॉस्फोलिपिड मेदाम्लांपैकी १८:२ या खुणेने मोजतात. दोन्ही मायकोरायझा आणि कुजवणारी बुरशी यांत भेद करत नाहीत, आणि १८:२ झाडाच्या मुळातही असतं, म्हणून मुळं नीट वेचली नाहीत तर आकडा फसवा येतो. मायकोरायझाचे तंतू वेगळे पकडायचे तर ५० मायक्रॉन जाळीच्या नायलॉन पिशव्या, आत आम्लाने धुतलेली क्वार्ट्झची वाळू, ह्यूमस आणि खनिज मातीच्या सीमेवर जून ते ऑक्टोबर पुरून ठेवा. जाळीतून तंतू शिरतात, मुळं नाही. सोबत मुळं तोडून वेगळ्या केलेल्या पट्ट्यातही काही पिशव्या पुरा, नाहीतर आत आलेली बुरशी कुठली ते सांगता येणार नाही.

डीएनए क्रमनिर्धारणातून जातींचे वाटे मिळतात, प्रमाण नाही. एकूण बुरशी निम्म्यावर आली आणि एखादी जात जशीच्या तशी राहिली, तरी तिचा वाटा दुप्पट दिसतो आणि ती ‘नत्रप्रेमी’ ठरते. त्याच नमुन्यातल्या एर्गोस्टेरॉलने किंवा जनुकप्रतींच्या मोजणीने वाटा गुणून मगच तुलना करा. कॉर्टिनेरियस तर पट्ट्यापट्ट्यांत वाढते. एका प्लॉटला तीन गाभे घेऊन ती आढळली नाही म्हणून गेली असं लिहू नका, गाभ्यांची संख्या वाढवून पुन्हा पाहा.